जोडीनं नाचायला शिकताना: वॉल्ट्झचा चौकोन आणि चा-चा-चाची सम

लग्नाच्या संगीतसाठी कोरिओग्राफर बोलवायचा, एक गाणं बसवून घ्यायचं, हे आता सर्रास झालंय. त्यात वाईट काही नाही. पण त्याच जोडीला दुसऱ्या दिवशी वेगळं गाणं लावून दिलं, तर बहुतेक वेळा दोघं जागच्या जागी उभे राहतात. त्यांनी एक नाच पाठ केलेला असतो. जोडीनं नाचायचं कसं, हे कोणी शिकवलेलंच नसतं. समोर कोणीही असो, गाणं कुठलंही लागो, ठरवून न घेता दोघांना एकत्र नाचता यावं, यासाठीच बॉलरूम आणि लॅटिन नृत्यं घडत गेली. ती शिकायची तर स्टेप्सच्याही आधी तीन गोष्टी लागतात: भार, ताल आणि पकड. या लेखात मी जास्त वेळ त्यांनाच देणार आहे.

स्पर्धांमध्ये दहा नृत्यं असतात. पाच ‘स्टँडर्ड’: वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, स्लो फॉक्सट्रॉट आणि क्विकस्टेप. पाच ‘लॅटिन’: सांबा, चा-चा-चा, रुंबा, पासो डोब्ले आणि जाइव्ह. साल्सा, बचाटा, किझोंबा, अर्जेंटाइन टँगो ही मंडळी या यादीबाहेरची. पुण्या-मुंबईच्या क्लासांमध्ये पहिली गाठ बहुधा साल्साशीच पडते. तरी माझा आग्रह असा की सुरुवात स्लो वॉल्ट्झ आणि चा-चा-चा या दोघांनी करावी. वॉल्ट्झमुळे जोडीदाराला धरून चालता येतं, चा-चा-चामुळे पाऊल नेमक्या ठोक्यावर पडायला लागतं. ही दोन अंगात मुरली की बाकीची पटापट उलगडतात.

आधी भार

पाय जुळवून उभे राहा. शरीराचा सगळा भार डाव्या पायावर घ्या. उजवा पाय जमिनीला टेकलेला असू दे, पण त्याच्याखालून कोणी कागद ओढला तर अलगद निघून यावा, इतका मोकळा. आता भार उजवीकडे न्या, डावा मोकळा करा. हे सावकाश, आरशासमोर, गाण्याशिवाय करत राहा. डोकं खाली-वर होत असेल तर गुडघे कडक झालेत.

पाय ठेवला म्हणजे पाऊल झालं असं नाही. त्याच्यावर भार गेला की पाऊल झालं. नवख्यांच्या निम्म्याहून अधिक चुका इथल्याच असतात. पाय पुढे गेला, पण भार दोन्ही पायांत अर्धा-अर्धा राहिला, की पुढचं पाऊल कुठल्या पायानं टाकायचं हे नाचणाऱ्यालाच कळत नाही, मग समोरच्याला काय कळणार?

यानंतर चालणं. स्टँडर्डमध्ये पुढे जाताना आधी टाच टेकते, मग तळवा. मागे जाताना पाय मांडीपासून लांबवायचा, बोटं आधी टेकतात, चवडा, मग टाच. मागे चालणं अवघड आहे आणि फॉलोअरच्या, म्हणजे लीडरनं सुचवलेली चाल ओळखून नाचणाऱ्या जोडीदाराच्या, वाट्याला तेच जास्त येतं, म्हणून त्याला दुप्पट वेळ द्या. लॅटिनमध्ये पुढे जाताना चवडा आधी टेकतो आणि भार येईपर्यंत गुडघा सरळ होतो. दोघांनी समोरासमोर उभं राहून तळहाताला तळहात लावा. एकानं चालायचं, दुसऱ्यानं डोळे मिटून त्याच्या चालीनं मागे-पुढे व्हायचं. बोटं गुंतवायची नाहीत, ढकलायचं नाही. खोलीभर असं चालता आलं तर लीड आणि फॉलो म्हणजे काय हे निम्मं समजलंच.

दादऱ्यातला वॉल्ट्झ

पाश्चात्त्य संगीताची सवय नाही म्हणून ताल कळत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. मराठी माणसाच्या कानाला ती शोभत नाही. दादऱ्यातली भावगीतं ऐकत आपण वाढलो आहोत. दादरा सहा मात्रांचा, तीन-तीनच्या दोन विभागांचा: धा धिं ना, धा तिं ना. पहिल्या मात्रेवर सम, चौथीवर काल. वॉल्ट्झचा एक बार, म्हणजे ठोक्यांचा एक गट, तीन ठोक्यांचा असतो आणि बॉक्स स्टेपचा चौकोन पुरा व्हायला दोन बार लागतात, म्हणजे सहा ठोके. दादऱ्याचं एक आवर्तन म्हणजे एक चौकोन. समेवर लीडरचा डावा पाय पुढे, कालावर उजवा पाय मागे.

स्लो वॉल्ट्झची लय मिनिटाला २८ ते ३० बार, म्हणजे ८४ ते ९० ठोके. मोबाइलवर तबल्याचं ॲप असेल तर दादरा लावा, लय ८४ वर ठेवा आणि तेवढ्यावर चालून पाहा. नंतर खरं वॉल्ट्झचं गाणं लावा. दादऱ्यात चौथी मात्रा हलकी असते, वॉल्ट्झमध्ये प्रत्येक बारचा पहिला ठोका सारखाच भरीव असतो. एवढा फरक कानानं पकडला की पुढे अडचण येत नाही. व्हिएनीज वॉल्ट्झ हाच, पण दुप्पट वेगाचा, मिनिटाला ५८ ते ६० बारांचा. पहिले काही महिने त्याच्या वाटेला जाऊ नका.

होल्ड, म्हणजे पकड: कुठून आला, आणि कसा घ्यायचा

अठराव्या शतकापर्यंत युरोपातल्या बहुतेक दरबारी नाचांत स्त्री-पुरुष एकमेकांच्या हाताला जेमतेम स्पर्श करत. रांगा असत, गट असत, जोड्या बदलत. ऑस्ट्रिया आणि दक्षिण जर्मनीच्या खेड्यांत मात्र लेंडलरसारखे नाच होते, त्यांत जोडी एकमेकांना धरून गिरक्या घेई. त्यांतूनच वॉल्ट्झ शहरांत शिरला. १८१४-१५ च्या व्हिएन्ना परिषदेला जमलेल्या युरोपभरच्या मुत्सद्द्यांनी तो मनसोक्त नाचला आणि व्हिएन्नात पुढे स्ट्राउस घराण्यानं त्याला संगीत पुरवलं. १८१६ च्या जुलैत इंग्लंडच्या प्रिन्स रीजंटच्या (राजाच्या वतीनं कारभार पाहणाऱ्या युवराजाच्या) मेजवानीत वॉल्ट्झ झाला, तेव्हा लंडनच्या ‘द टाइम्स’नं हा नाच असभ्य ठरवून आईबापांना आपल्या मुली त्याच्यापासून दूर ठेवायला बजावलं. आक्षेप पावलांना नव्हता, मिठीला होता. ज्या पकडीवर एवढा गहजब झाला, तिच्यावरच आजची सगळी स्टँडर्ड नृत्यं उभी आहेत.

होल्ड असा घ्या. दोघं समोरासमोर, पण नाकासमोर नाक नको. प्रत्येकानं आपल्या डावीकडे किंचित सरकायचं, म्हणजे आपला उजवा पाय समोरच्याच्या दोन पायांच्या मधे येतो आणि नजर त्याच्या उजव्या खांद्यावरून पलीकडे जाते. लीडरचा उजवा तळवा फॉलोअरच्या डाव्या खांद्याच्या फऱ्यावर, बोटं मिटलेली. फॉलोअरचा डावा हात लीडरच्या उजव्या दंडावर, खांद्याच्या थोडा खाली. दुसऱ्या बाजूला लीडरच्या डाव्या हातात फॉलोअरचा उजवा हात, दोघांत जो बुटका असेल त्याच्या डोळ्यांच्या उंचीला. कोपर पडू द्यायचे नाहीत, खांदे कानांकडे चढू द्यायचे नाहीत.

आता या हातांत किती जोर असावा? फुगडी घातलेल्या कोणालाही हे समजवावं लागत नाही. दोघी हात धरून मागे झुकतात; एकीनं हात ढिले सोडले तर फुगडी मोडते, एकीनं ओढलं तर दुसरी अडखळते. होल्डमधला ताण त्याच जातीचा, फक्त पुष्कळ हलका. दोघांनी आपापला भार आपापल्या पायांवर ठेवायचा आणि हातांत इतकाच जीव ठेवायचा की एकाची छाती हलली की दुसऱ्याला कळावं. लीड द्यायचा तो छातीनं आणि भारानं. हातांनी ओढून-ढकलून जोडीदाराला फिरवणारा लीडर कितीही स्टेप्स जाणत असला तरी त्याच्याबरोबर नाचणं ही शिक्षाच.

लीडर पुरुष आणि फॉलोअर स्त्री ही जुनी वाटणी. आता कोणीही काहीही शिकतं, आणि दोन्ही बाजू थोड्या-थोड्या शिकाव्यात असं मला मनापासून वाटतं. दोन आठवडे फॉलो करून पाहिलेला लीडर लगेच ओळखू येतो. त्याचे हात हलके झालेले असतात.

वॉल्ट्झचा चौकोन

लीडरची पावलं:
एक: डावा पाय पुढे, टाचेनं.
दोन: उजवा पाय उजवीकडे, खांद्यांच्या रुंदीएवढा.
तीन: डावा पाय उजव्याला जुळवा आणि भार डाव्यावर घ्या.
चार: उजवा पाय मागे.
पाच: डावा पाय डावीकडे.
सहा: उजवा पाय डाव्याला जुळवा, भार उजव्यावर.

फॉलोअरची पावलं याच्या आरशातली: एकला उजवा मागे, दोनला डावा डावीकडे, तीनला उजवा जुळवा, चारला डावा पुढे, पाचला उजवा उजवीकडे, सहाला डावा जुळवा.

गडबड होते ती तीनवर आणि सहावर. पाय जुळतो, पण भार तिकडे जात नाही, आणि पुढच्या ठोक्याला चुकीचा पाय उचलला जातो. म्हणून सुरुवातीला तीन आणि सहा मोठ्यानं म्हणा. दुसरी चूक दोनवरची: बाजूचं पाऊल फार लांब पडतं, मग जुळवायला वेळ पुरत नाही आणि पुढचा एक उशिरा येतो.

पावलं पक्की झाली की त्यांत चढउतार घाला. एकवर गुडघे मऊ, शरीर खाली. एकच्या शेवटी उठायला लागा, दोनवर चवड्यांकडे, तीनवर सगळ्यात उंच, आणि तीन संपता संपता टाचा खाली. उडी नाही, झटका नाही. वॉल्ट्झचं सगळं सौंदर्य या एका लाटेत आहे, आणि ती नीट येण्यासाठी पोटऱ्यांना कित्येक आठवडे काम करावं लागतं.

त्यानंतर वळण. एकला डावा पाय पुढे टाकताना डावीकडे पाव फेरी वळा, चारला उजवा पाय मागे टाकताना आणखी पाव. चार बारांत एक पूर्ण फेरी होते. एवढ्यावर अख्खं गाणं सुखानं नाचता येतं, हे मी जाणूनबुजून सांगतो, कारण लोक दुसऱ्याच आठवड्यात दहावी स्टेप मागायला लागतात.

हा चौकोन जागच्या जागी फिरतो. स्पर्धांमधली इंग्लिश पद्धत मात्र हॉलभर सरकत जाणारी आहे, आणि ती ठरवून घडवलेली आहे. पहिल्या महायुद्धानंतर लंडनमध्ये जो तो आपल्या पद्धतीनं नाचू लागला, तेव्हा १९२० पासून शिक्षकांनी बैठका घेऊन पावलं निश्चित करायला सुरुवात केली. १९०४ साली स्थापन झालेल्या इम्पीरियल सोसायटी या नृत्यशिक्षकांच्या संस्थेत १९२४ मध्ये बॉलरूमची स्वतंत्र शाखा झाली, अभ्यासक्रम आले, परीक्षा आल्या. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलचा नृत्यमहोत्सवही १९२० चाच. तिथल्या एम्प्रेस बॉलरूममध्ये नाचायचं स्वप्न आजही जगभरचे स्पर्धक पाहतात. १९२२ चा जागतिक विजेता व्हिक्टर सिल्व्हेस्टर यानं पुढे स्वतःचा वाद्यवृंद काढला आणि लय जराही न हलणाऱ्या रेकॉर्ड्स केल्या. सरावाला तशा रेकॉर्ड्ससारखं दुसरं काही नाही. ‘स्ट्रिक्ट टेम्पो’ असं शोधलंत तर त्या जातीचं भरपूर संगीत मिळेल.

फॉक्सट्रॉट १९१४ च्या न्यूयॉर्कचा. व्हर्नन आणि आयरीन कॅसल या जोडप्यानं तो घरोघरी नेला, आणि त्यांच्यासाठी वाजवणारा कृष्णवर्णीय बँडमास्टर होता जेम्स रीझ युरोप. बँड जसजसे जलद वाजवू लागले तसतसा त्याचा क्विकस्टेप फुटून निघाला. टँगो ब्यूनस आयर्स आणि माँतेव्हिदेओच्या बंदरवस्त्यांतला, स्थलांतरितांचा आणि आफ्रिकी वंशजांचा. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर तो पॅरिसनं उचलला आणि तिथून जगानं. झटक्यानं मान वळवणारा बॉलरूम टँगो आणि मूळचा अर्जेंटाइन टँगो यांचं आता फक्त नाव एक. मुळातला शिकायचा असेल तर त्याचा क्लास वेगळा शोधावा लागतो.

क्यूबातून आलेली पावलं

लॅटिन पाचांतली रुंबा आणि चा-चा-चा या जुळ्या बहिणी, दोघींचं माहेर क्यूबा. ज्याला क्यूबात रुंबा म्हणतात तो हवाना आणि मातांसासच्या कृष्णवर्णीय वस्त्यांतला ढोल-गाण्याचा नाच. बॉलरूममधली रुंबा त्यापेक्षा तिथल्या सोन आणि बोलेरो या नाचांना जास्त जवळची आहे. १९३० मध्ये डॉन अस्पियासूच्या हवानाच्या बँडनं न्यूयॉर्क गाजवलं आणि हे नाव जगभर पसरलं. लंडनमध्ये ती आधी चौकोनातच शिकवली जाई. मस्यू पिएर आणि डॉरिस लॅव्हेल हे शिक्षक दुसऱ्या महायुद्धानंतर प्रत्यक्ष क्यूबाला जाऊन आले, तर तिथं लोक पुढचं पाऊल दुसऱ्या ठोक्यावर टाकत होते. त्यांनी तसं शिकवायला सुरुवात केली. चौकोनवाल्यांशी वर्षानुवर्षं वाद चालला आणि अखेर क्यूबन पद्धत टिकली.

चा-चा-चाची जन्मकथा नेमकी ठाऊक आहे. हवानाचा व्हायोलिनवादक एन्रिके होर्रीन याच्या लक्षात आलं की माम्बो या क्यूबन नाचाच्या आडवळणी तालात नाचणारे चाचपडतात. त्यानं सरळ, ठोका स्पष्ट दाखवणाऱ्या चाली बांधल्या. त्या चालींवर लोकांनी तीन झटपट पावलं घातली आणि फरशीवर घासणाऱ्या बुटांचा जो आवाज आला तेच नाव झालं. १९५३ मध्ये त्याची पहिली रेकॉर्ड गाजली. गाणं लावलंत की गुइरो ऐका. खाचा पाडलेल्या लांबट भोपळ्यावर काडी घासून वाजवतात ते हे वाद्य. ‘चा-चा-चा’ ते तुम्हाला ऐकवतंच.

मोजणी अशी: दोन, तीन, चार-आणि-एक. आपण समेला चिकटलेले, त्यामुळे दोनवर सुरुवात करायची म्हटलं की मन गोंधळतं. पण जरा वेगळं ऐका. ‘चार-आणि-एक’ मधला शेवटचा ‘चा’ एकवर, म्हणजे समेवर पडतो. तिहाई जशी समेवर येऊन उतरते तशी ही तीन पावलं उतरतात. दोनवर सुरू करायचंय असं म्हणू नका, एकवर येऊन पोहोचायचंय असं म्हणा. नवख्यांचा गुंता यानं चटकन सुटतो.

लीडर एकवर उजवा पाय बाजूला टाकून तयार होतो. दोनला डावा पुढे, तीनला भार परत उजव्यावर, चार-आणि-एकला डावीकडे तीन पावलं: डावा, उजवा जुळवा, डावा. मग दोनला उजवा मागे, तीनला भार परत डाव्यावर, चार-आणि-एकला उजवीकडे: उजवा, डावा जुळवा, उजवा. फॉलोअर एकवर डावा पाय बाजूला टाकून सुरू करतो आणि दोनला उजवा मागे नेतो. लीडर मागे जाईल तेव्हा फॉलोअर पुढे. चार आणि ‘आणि’ यांना अर्धा-अर्धा ठोका, एकला पूर्ण. तिन्ही पावलं सारखी घाईनं टाकली तर एकवर विश्रांती उरत नाही आणि नाच धडपडल्यासारखा दिसतो. पावलं छोटी ठेवा, विशेषतः बाजूची.

आणि कंबर? ती मुद्दाम हलवायची नाही. सरळ केलेल्या गुडघ्यावर भार घेतला, दुसरा गुडघा वाकला, की कंबर त्या बाजूला आपोआप बसते. भिंतीला हात टेकून रुंबाच्या लयीत, मिनिटाला १०० ते १०८ ठोक्यांत, फक्त हा भारबदल करून पाहा. चा-चा-चाची लय त्याहून जलद, १२० ते १२८.

बाकीच्यांचं थोडक्यात. सांबा ब्राझीलचा, गुडघ्यांच्या सततच्या लवचीक उसळीवर उभा. दहांत तो अवघड समजला जातो, तो शेवटी ठेवा. पासो डोब्लेमध्ये स्पेनच्या बैलझुंजीच्या मार्चवर लीडर मातादोर, म्हणजे बैलाशी झुंजणारा, आणि फॉलोअर त्याच्या हातातलं वस्त्र. तो मंचावरच शोभतो. जाइव्ह मात्र लवकर शिका. न्यूयॉर्कच्या हार्लेममधली सव्हॉय बॉलरूम १९२६ मध्ये उघडली. तिथं गोरे-काळे एकाच फरशीवर नाचत. तिथला लिंडी हॉप हा नाच अमेरिकी सैनिकांनी दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडला नेला आणि त्याचा जाइव्ह झाला. साल्सा शिकायचाच असेल तर त्याचं नाव आणि घडण न्यूयॉर्कच्या क्यूबन आणि पोर्तोरिकन वस्त्यांतली आहे, आणि त्यात आठच्या मोजणीत चार आणि आठ हे ठोके रिकामे सोडतात, एवढं लक्षात ठेवून जा.

बूट, फरशी, क्लास

रबरी तळाचे स्पोर्ट्स शूज घालून गिरकी घेऊ नका. बूट फरशीला चिकटतो, शरीर फिरतं आणि पीळ गुडघ्याला बसतो. नुसते मोजे घालून गुळगुळीत टाइल्सवर नाचणंही तितकंच धोक्याचं. सुरुवातीला जुने, चामडी तळाचे, टाचेला नीट बसणारे बूट चालतात. पुढे सुएड (मऊ, लवदार चामडं) तळाचे नाचाचे बूट घ्या. ते रस्त्यावर घालायचे नाहीत. पावसाळ्यात तर पिशवीतूनच न्यायचे, कारण ओलं सुएड कडक होतं. तळ गुळगुळीत झाला की तारेच्या ब्रशनं घासायचा. स्त्रियांनी उंच टाचेपासून सुरुवात करू नये. दोन इंचांच्या आत, रुंद टाच पुरे.

क्लास निवडताना एक तास नुसता बसून पाहा. जोडीदार बदलायला लावतात का? मोजणी सांगतात का? लीडरला ‘असा लीड दे’ आणि फॉलोअरला ‘हे जाणवलं की जा’ असं वेगवेगळं शिकवतात का? की सगळ्यांना आरशाकडे तोंड करून एकच क्रम घोकायला लावतात? शेवटचं असेल तर पैसे वाचवा. आठवड्यातून एक तास क्लास आणि रोज दहा मिनिटं घरी चालण्याचा सराव, हे प्रमाण तीन तास क्लास आणि घरी शून्य यापेक्षा कितीतरी फळतं.

पहिल्यांदा फ्लोअरवर

सरकत्या नाचांत, म्हणजे वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, क्विकस्टेप, टँगोमध्ये सगळे जण हॉलभोवती घड्याळाच्या उलट दिशेनं जातात. पुढे तोंड केलं की भिंत लीडरच्या उजव्या हाताला असते. जलद जाणाऱ्यांनी कडेनं जावं. चौकोनात फिरणाऱ्यांनी मध्यभागी राहावं. धक्का लागला तर चूक कोणाचीही असो, थांबून माफी मागायची. नाचता नाचता जोडीदाराला शिकवायचं नाही. नाचायला विचारलं आणि नकार आला तर कारण विचारायचं नाही. गाणं संपलं की आभार मानून जोडीदाराला जागेवर सोडायचं.

आपल्याकडे हे सगळं नैसर्गिकपणे पाहायचं असेल तर गोव्यातल्या किंवा वांद्र्या-वसईकडच्या ख्रिस्ती लग्नाचं निमंत्रण सोडू नका. गोव्याच्या पाद्रींच्या शाळांत स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, शिकलेले वादक एकेकाळी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलच्या बॉलरूममध्ये वाजवत, आणि त्यांच्यातले कित्येक पुढे हिंदी चित्रपटसंगीतात गेले. गोव्याच्या जुन्या घरांतला मांडोही जोड्यांचाच, पण तो समोरासमोरच्या रांगांत, अंतर राखून. आजच्या लग्नांत नवदांपत्याचा पहिला वॉल्ट्झ होईपर्यंत पाहुण्यांनी कडेला थांबायचं असतं. मग बँड सगळ्यांना बोलावतो. वॉल्ट्झ चालू असेल तर मध्यभागी शिरा आणि चौकोन धरा. जाइव्ह लागला की लोक जागच्या जागी नाचतात, तेव्हा हातभर जागा निवडून तीच धरून ठेवा. साठी-सत्तरी ओलांडलेली एखादी आंटी नाचायला उभी राहिलेली दिसली तर तिलाच विचारा. तिथल्या फ्लोअरवर तिच्याइतका सहज फॉलो दुसऱ्या कोणाचा नसतो.